टकटक्या आणि घुम्या

१४ जानेवारी १९५७, सोमवार

दुपारी बल्लारशाहून ट्रक आला आणि दोन खोकी उतरली. भैयाजींनी लढाईच्या निकाली मालाच्या लिलावातून आणलेली आहेत. वरच्या इंग्रजी अक्षरांवरून आत तोफांच्या यंत्रांतल्या मोटरी असाव्यात. लढाईच्या वेळी जबलपूरला मी असा माल हाताळला आहे, म्हणून काम माझ्याकडे आले.

भैयाजी आरागिरणीचे मालक. त्यांनी मला ऑफिसात बसवून सांगितले, "गुणवंतराव, नागपूरच्या नव्या गिऱ्हाइकाले सागाच्या फळ्या पाहिजेत. जाडीत अर्ध्या सुताच्या वर फरक नको. हातानं ते होत नाई. या दोनातली कोणती मोटर गाड्यावर बसवायची ते होळीपर्यंत सांगा. अन् मशीन मोजणार, त मग गाड्यावर माणूस काऊन पाहिजे? त्याले तिथून काढू."

ओंडका करवतीकडे नेणाऱ्या गाड्यावरचा माणूस म्हणजे लालसू. एकोणीस वर्षे तो तिथे आहे. ओंडका गाड्यावर चढला की त्याच्या पाठीला दोन उभे लोखंडी टेकू लागतात. एक फळी कापून झाली की लालसू दांडा ओढतो, दातेरी चाक फिरते, टेकू ओंडक्याला करवतीच्या अंगाला सरकवतात. एक ओढ म्हणजे एक सूत, इंचाचा आठवा भाग. तो गोंडीत मोजतो, उंदी, रंड, मूंद. चुकतो कमी, पण चुकतो. वय साठीच्या घरात. गाड्यावरून काढला तर ओंडके उचलण्याचे काम त्याला झेपणार नाही, आणि गिरणीत काम नाही तर गिरणीच्या चाळीतली खोलीही नाही. हे भैयाजींना माहीत आहे.

आज संक्रांत होती. यंदा आमच्याकडे सण नाही.

ही वही मागच्या भाद्रपदातली आहे. पहिल्या पानावर माझ्या बायकोच्या, सुगंधाच्या, औषधाच्या खुणा आहेत. रोज तीन पुड्या, नऊ दिवस, सत्तावीस खुणा. एकही चुकलेली नाही. ते पान फाडावेसे वाटले नाही. मोटरींच्या नोंदी मागच्या कोऱ्या पानांवर करतो आहे.

१७ जानेवारी

खोकी उघडली. दोन्ही मोटरी पुसून बाकावर शेजारी ठेवल्या. आकाराने सारख्याच, पण स्वभावाने अगदी वेगळ्या. हे पाहताना वेळ कसा गेला ते कळले नाही.

पहिली पायऱ्यांनी चालते. विजेचा एक झटका दिला की तिचा आस ठरलेला एवढासाच फिरतो आणि थांबतो. शंभर झटके म्हणजे शंभर पायऱ्या. तिला अंतर सांगायचे नसते, आकडा सांगायचा. तो मोजून झाला की काम झाले.

दुसरी सर्वो. तिच्या जोडीला रेडिओत असतात तसे काचेचे व्हॉल्व्ह असलेली पेटी आहे आणि एक छोटे साधन आहे, ते ज्या वस्तूला हलवायचे तिच्यावरच बसते. तिला आकडा नाही, जागा सांगायची. ते साधन वस्तू कुठे आहे ते कळवत राहते. हवी ती जागा आणि असलेली जागा यांत फरक आहे तोवर मोटर फिरते. फरक संपला की थांबते. कुणी वस्तू ढकलली तर ती पुन्हा जागेवर आणते.

एक मोजते, दुसरी विचारते. असे लिहिले तर भैयाजींना समजेल.

२२ जानेवारी

मोटरींना नावे पडली. इंजिनवाल्या इसरूने पायऱ्यांच्या मोटरीला टकटक्या म्हटले, कारण चालताना ती टकटक करते. सर्वो नुसता घुमल्यासारखा आवाज करते, म्हणून ती घुम्या.

लालसू म्हणाला, "घुम्या कोण रे, मोटर का आपले बाबू?"

सगळे हसले. मीही हसायला हवे होते. उशिरा लक्षात आले.

२ फेब्रुवारी

टकटक्या बसवून आठवडा होत आला. तो साधा आहे, व्हॉल्व्हची पेटी लागत नाही, म्हणून आधी त्याला घेतले. टेकूंच्या लांब स्क्रूला दातचाके लावून जोडला. आकडा मी करवतीजवळच्या बोर्डावर लावतो. टेकू एकदम मोकळे करायचा जुना खटका मात्र तसाच ठेवला, नवा ओंडका चढवताना तो लागतो.

आज सत्तर फळ्या काढल्या. मोजपट्टीला फरक दिसत नाही. लालसू गाड्यावर हात बांधून उभा होता. मी विचारले, कसे वाटते?

"बरं आहे. कोंबडं दाणे टिपते तसं करते. पण कोंबडं मान वर करून पाहते त तरी."

६ फेब्रुवारी

एक विचित्र गोष्ट. दिवसभर फळ्या बरोबर येतात, पण सकाळची पहिली फळी चुकते. काल दीड सूत पातळ, आज एक सूत जाड. दुसऱ्या फळीपासून सगळे ठीक.

रात्री मोटर बंद असते. बंद असलेली मोटर चुकणार कशी?

७ फेब्रुवारी

थंडीने दातचाकांच्या पेटीतले तेल घट्ट होत असावे आणि सकाळी पहिल्या पायऱ्या घसरत असाव्यात. पहाटेच जाऊन पेटीखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली. तेल पातळ झाले. फळी एक सूत पातळ.

९ फेब्रुवारी

डायनामोचा दाब सकाळी कमी असतो असे वाटले. इसरूला इंजिन अर्धा तास आधी चालू करायला लावले. "तुमच्यापायी माही बायको मले ओळखेनाशी झाली," तो म्हणाला. दाब बरोबर होता. फळी दीड सूत जाड.

११ फेब्रुवारी, सोमवार

आज पहिली फळी बरोबर आली. मी काहीच केले नव्हते. मग आज काय वेगळे होते? काल रविवार, बाजाराचा दिवस, गिरणी बंद. रात्र एकाऐवजी दोन गेल्या, तर चूक दुप्पट व्हायला हवी. उलट झाले. मागच्या सोमवारची नोंद नाही, ती मी ठेवायला हवी होती.

जेवताना सुचले. शनिवारी गाड्यावर ओंडका शिल्लक ठेवत नाहीत, पूर्ण कापूनच घरी जातात. इतर दिवशी भोंगा वाजला की ओंडका अर्धा कापलेला तसाच राहतो. म्हणजे चूक मोटरीत नाही, ओंडक्यात आहे. दंवाने लाकूड फुगत असावे. उद्यापासून ताडपत्री घालून बघतो.

भात करपला.

१४ फेब्रुवारी

ताडपत्रीने फरक पडला नाही.

१५ फेब्रुवारी

सापडले.

रोज भोंगा वाजला की मी इंजिनघरात जातो, कारण डायनामो बंद करणे माझ्याकडे आहे. तिथून तसाच खोलीवर. आज लाकडाचा ओलावा बघायचा म्हणून डायनामो इसरूवर सोपवला आणि ओंडक्याच्या पलीकडे मोजपट्टी घेऊन बसलो. माणसे हातपाय धुवायला गेली. लालसू एकटा गाड्यावर राहिला. त्याने खटका उचलला, दोन्ही टेकू चार बोटे मागे ओढले, त्यांच्या पाठीवर थाप मारली, गोंडीत काहीतरी म्हणाला आणि उतरू लागला.

"लालसूभाऊ, हे काय केलं?"

तो दचकला नाही. "काय केलं? सोडलं त्याले."

"रोज सोडता?"

"रोज. दिवसभर ओंडका ढकलते ते. बैलाले रातभर जू ठेवून झोपवता का, बाबू?"

"आणि सकाळी?"

"सकाळी जुंपतो. होतं तिथी नेऊन ठेवतो."

मग उलगडले. जुन्या दातेरी चाकावर हे चालत होते. टेकू साधारण जागी आणला की खिट्टी आपली दातात पडायची आणि तो बरोबर कालच्या जागी बसायचा. माझ्या रचनेत दातच नाहीत. लालसू नजरेने ठेवतो ती जागा एक-दीड सूत इकडे किंवा तिकडे. टकटक्याला त्याचा पत्ता नाही. त्याचा आकडा कालचाच. सोमवारी ओंडका नवा, आधीची जागा लागतच नाही, म्हणून चूक नाही.

मी म्हणालो, "मी आठ-नऊ दिवस कारण शोधतो आहे. मला सांगितलं का नाही?"

"तुमी तेलाले विचारलं. डायनामोले विचारलं. काल दंवाले चादर पांघरली. मले कुठी विचारलं?"

खाली उतरून तो हात धुवायला गेला. मी त्याच्या जागी उभा राहून टेकू मागेपुढे करून पाहिले. मला नजरेने तीन सुतांच्या आतही ठेवता येत नाही. तो दीड सुतात ठेवतो हेच आश्चर्य आहे.

१६ फेब्रुवारी

सोपा उपाय खटक्याला कुलूप. मग सोडणे नाही, जुंपणे नाही, चूक नाही. आणि लालसूचेही काम नाही. टकटक्या तसा उत्तम आहे, असे भैयाजींना कळवता येईल.

दुपारी मात्र ओल्या ऐनाचा मोठा ओंडका चढवला. वजन सागाच्या दीडपट. टकटक्याने आकडा पूर्ण केला, पण फळी दोन सूत पातळ आली. पुन्हा कापून पाहिले, तेच. ओझे जड झाले की पायरी घसरते, टेकू हलत नाही, आणि टकटक्या मात्र मोजत राहतो. बोर्डावर आकडा अगदी बरोबर होता.

आकडा बरोबर, फळी चूक. हे वाक्य लिहून वहीचे पहिले पान उलटून पाहिले.

१८ फेब्रुवारी

सकाळी सुकरीबाई पाणी घेऊन आली. ती लालसूची बायको. सुगंधा आजारी असताना मी गिरणीत असायचो तेव्हा हीच दिवसभर तिच्यापाशी बसलेली असे. सुगंधा गेल्यावरही ती पाणी भरायला येते. पाच महिन्यांत आम्ही पाण्याखेरीज कशावर बोललो असू असे आठवत नाही.

मी विचारले, "सुकरीबाई, त्या नऊ दिवसांत पुड्या तिच्या पोटात राहत होत्या का?"

तिने घागर खाली ठेवली. "आज विचारता, बाबू."

"हो."

"दोन दिस राह्यल्या. मंग सगळ्या उलटून पडत. तुमी पुडी देऊन गेले का मांग पडे. मी म्हणलं, बाबूले सांगून द्या, डॉक्टर दुसरं देईल काई. बाई म्हणे, नोको. त्याईले खुणा करू दे. खूण केली का त्याईले झोप लागते."

मी बरे म्हटले. तिने घागर रांजणात ओतली आणि गेली.

२६ फेब्रुवारी

मधले दिवस लिहिले नाही. काम चालू होते. टकटक्या उतरवला, घुम्या बसवला. जागा कळवणारे साधन सरळ टेकूलाच जोडले, स्क्रूला नाही. टेकू कुठे आहे हे टेकूनेच सांगावे.

सुकरीबाई रोज येते. काल तिला विचारले की मोहाला यंदा फूल कसे आहे. तिने बरेच सांगितले. ओढ्याच्या अंगाचे मोह आधी गळतात, टेकडीवरचे मागाहून. मला माहीत नव्हते.

२८ फेब्रुवारी

घुम्याचे दुखणे निराळे आहे. खुणेपाशी येतो, थोडा पुढे जातो, चूक कळते म्हणून मागे येतो, तिथेही थांबत नाही, पुन्हा पुढे. पाव मिनिट असाच थरथरतो. गाडाच हलतो. या थरथरीत करवत लावली तर फळीला लाटा येतील.

लालसू खाली बसून बघत होता. "नव्या जावयासारखं करून राह्यलं. ओसरीवर बसत नाई, घरात जात नाई."

व्हॉल्व्हच्या पेटीतले एक-दोन स्क्रू फिरवून पाहिले. जोर कमी केला की थरथर जाते, पण मग ओंडकाच हलत नाही.

१ मार्च

आज लालसूला मीच विचारले. म्हणालो, हा जोरात येतो आणि थांबायच्या जागी थांबत नाही. तुम्ही काय केलं असतं?

त्याने आधी तंबाखू मळली. मग म्हणाला, "घाटात भरली गाडी उतरवता तवा काय करता?"

"मी गाडी हाकली नाही कधी."

"तरीच. मांग एक लाकूड बांधून फरफटत सोडतो. गाडी बैलाच्या अंगावर येत नाई मंग. बैलाचा जोर कमी नाई करत. बैलाचा जोर कमी केला त वर कोन चढंन?"

जोर तसाच ठेवायचा आणि मागे ओढ लावायची. मी तीन दिवस पेटीत डोके घालून बसलो होतो. मोटरीच्या आसावर लाकडी ढोल बसवला, त्यावर जुन्या पट्ट्याचे चामडे घासत राहील असे टांगले आणि टोकाला वजन दिले. घट्ट केले तर टेकू खुणेआधीच थांबतो, सैल केले तर थरथरतो. अर्धा दिवस मधली जागा शोधली. चारच्या सुमाराला घुम्या खुणेवर आला आणि गप्प उभा राहिला.

लालसूने त्याच्याकडे पाहिले. "बसला जावई."

५ मार्च

मुद्दामच कुलूप लावले नाही. काल संध्याकाळी लालसूने नेहमीसारखे टेकू सोडले. आज सकाळी त्याला म्हटले, जुंपू नका, नुसतं पाहा. इसरूने डायनामो चालू केला. व्हॉल्व्ह तापले, आणि घुम्याने टेकू स्वतःच आणून कालच्या जागेवर ठेवले. पहिली फळी बरोबर. ओल्या ऐनाचीही बरोबर.

लालसू म्हणाला, "याले घर आठवते."

मी हसलो असे इसरू सगळ्यांना सांगत होता.

७ मार्च

लालसूचा हात सापडला.

मोह गळायला लागला आहे. पहाटे फुले वेचायला जायचे म्हणून माणसे उशिरा येतात. डायनामो चालू झाला होता. लालसू धावतपळत गाड्यावर चढला. टेकू आणि ओंडका यांच्या मध्ये सालीचा तुकडा अडकला होता. टेकू स्तब्ध होते, म्हणून मोटर बंदच आहे असे त्याला वाटले. त्याने डावा हात मध्ये घातला. तेवढ्यात व्हॉल्व्ह तापून तयार झाले.

मी बोर्डापासून चार पावलांवर होतो. तिथला विजेचा खटका खाली पाडेपर्यंत दोन बोटे चेपली. तो ओरडला नाही. "अरे, अरे," एवढेच हळू म्हणाला, बैलाला म्हणावे तसे.

गाडीत घालून अहेरीच्या दवाखान्यात नेले. हाडे शाबूत आहेत, नखे जातील. वाटेत मी त्याचा हात वर धरून बसलो होतो. अर्ध्या वाटेवर तो म्हणाला, "त्यानं मले विचारलं नाई, बाबू."

व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर लागते आणि मग मोटर आपोआप उठते, हे मला माहीत होते. परवा त्याच्यासमोर तसेच झाले, पण मधल्या त्या मिनिटाचे मी त्याला काही सांगितले नाही. त्याने विचारले नव्हते म्हणून सांगितले नाही. घुम्या स्वतःची जागा विचारतो. त्या जागेत कुणाचा हात आहे हे त्याला विचारता येत नाही. टकटक्या आंधळा खरा, पण सोडला तिथे पडून राहतो. त्याने कुणाचे बोट चेपले नसते.

८ मार्च

लालसूच्या खोलीवर गेलो. चाळीत पाच वर्षे राहतो, त्यांच्या दाराशी पहिल्यांदा गेलो. सुकरीबाईने खाट टाकली. लालसू मोहफुले वाळत घातलेल्या चटईशेजारी हात उशाशी घेऊन बसला होता.

"बाबू, आता भैयाजीले बरं झालं. म्हातारा आपोआपच गेला म्हणन."

"हात बरा होईल."

"हात होईन. गाडा नाई भेटन." मग त्याने बायकोला सांगितले की बाबूला आंबील दे, नाही तर परत जाऊन भात करपवतील. भाताचे त्याला कसे कळले ते विचारले नाही. सुकरीबाईला वास येत असणार.

१० मार्च, रविवार

गिरणी बंद. एकटाच काम करत बसलो. गाड्यावर, माणूस उभा राहतो तिथे, एक दांडा बसवला. तो खाली दाबून धरला तरच घुम्याला वीज मिळते. हात सुटला की दांडा वर येतो आणि मोटर मेली. व्हॉल्व्ह तापले असोत वा नसोत, गाड्यावरच्या माणसाने दाबल्याशिवाय टेकू केसभर हलत नाही. एका हाताने चालतो. उजव्या.

एक गोष्ट खरी लिहितो. हाच दांडा इंजिनघरात बसवता येतो. वीज कुठेही तोडली तरी सारखीच तुटते. तिथे तो इसरूने दाबला तर गाड्यावर माणूस लागत नाही आणि भैयाजींचे म्हणणे पुरे होते. मग मी तो गाड्यावर बसवला तो हातांसाठी की लालसूसाठी? इंजिनघरातून टेकूंच्या मागचे दिसत नाही हे कारण खरे आहे. पण मी आधी दांडा बसवला आणि कारण नंतर सुचले. दोन्ही खरे आहे असे धरतो.

१३ मार्च

भैयाजी चांद्याहून आले. कागदावर चार ओळींत लिहून दिले होते. सर्वो बसवावी. पायऱ्यांची मोटर हलक्या, कोरड्या लाकडासाठी ठीक, पण ओझ्याखाली चुकते आणि चुकल्याचे कळवत नाही. सर्वोला गाड्यावर माणूस हवा.

त्यांनी शेवटची ओळ दोनदा वाचली.

"म्हणजे गुणवंतराव, दोन महिने, दोन मोटरी, अन् माणूस तिथंच."

"तिथंच."

"दांडा इंजिनघरात लावा. इसरू दाबून देईल."

"इसरूला तिथून हात दिसत नाही."

"एकडाव लागलं. आता कोणी हात घालणार नाई."

"मीही तसंच धरून चाललो होतो."

ते माझ्याकडे पाहत राहिले. पाच वर्षांत मी त्यांना उलट बोललेलो नाही. हेही उलट नव्हते, पण त्यांना तसे वाटले असावे.

"अन् टकटक्या बसवून खटक्याले कुलूप?"

"ओला ऐन आला की नागपूरहून फळ्या परत येतील."

"बरं. उद्या मी स्वतः उभा राहून पाहतो. मले पटलं त राहील म्हातारा. नाई त होळी झाली का त्यानं दुसरं पाहावं, खोली खाली करून द्यावी."

संध्याकाळी लालसूला हे जसेच्या तसे सांगितले. काहीही न गाळता. तो म्हणाला, "उद्या काय करू मंग?"

"रोज करता तेच. मी विचारीन, मोकळं का? मोकळं असेल तर हो म्हणा आणि दांडा दाबा. नसेल तर नाही म्हणा."

"मालकासमोर नाई म्हणू?"

"मोकळं नसेल तर."

१४ मार्च, गुरुवार

सकाळी भैयाजी साडेसातलाच करवतीपाशी येऊन उभे राहिले. हातात खिशातले घड्याळ. नागपूरच्या गिऱ्हाइकाचा माणूसही बरोबर होता. गाड्यावर कालचा अर्धा ओंडका, टेकू चार बोटे मागे सोडलेले. लालसू डाव्या हाताची पट्टी छातीशी धरून चढला. डायनामो चालू झाला. मी बोर्डावर हात ठेवून मिनिटभर थांबलो. व्हॉल्व्ह तापले. टेकू हलले नाहीत.

मी विचारले, "लालसूभाऊ, मोकळं का?"

त्याने टेकूंकडे पाहिले, ओंडक्याकडे पाहिले. भैयाजींकडे पाहिले नाही.

"नाई."

तो दांडा सोडून सावकाश खाली उतरला. ओंडक्याच्या पलीकडच्या अंगाला गेला, तिथे गुडघे टेकून वाकला. मला तो दिसत नव्हता. नुसता पट्टीचा पांढरा हात टेकूच्या वर दिसत होता. गिऱ्हाइकाच्या माणसाने भैयाजींना विचारले, काय झाले? भैयाजी घड्याळ बघत होते. मला वाटले, आज नको होते. आजच्या दिवस तरी हो म्हणायला हवे होते. असे मला खरोखर वाटले.

लालसू उठला. त्याच्या हातात लोखंडी पाचर होती, वीतभर लांब. ओंडका पक्का करायला काल कुणीतरी ठोकलेली, सुटून टेकू आणि ओंडका यांच्या मध्ये पडलेली. टेकू जोराने पुढे गेला असता तर ती करवतीच्या दिशेने उडाली असती. करवतीपाशी मी होतो, गिऱ्हाइकाचा माणूस होता, भैयाजी होते.

लालसूने ती भैयाजींच्या पायापाशी ठेवली नाही, दाखवलीही नाही. भिंतीशी जिथे पाचरी असतात तिथे नेऊन ठेवली. भैयाजींनी मात्र पाहिली. मग तो पुन्हा गाड्यावर चढायला लागला. एका हाताने चढायला वेळ लागतो.

इंजिनघरातून इसरूने हाक दिली, वाफ वाया जाऊन राह्यली, चालू करा ना.

मी काही म्हणणार होतो. त्याआधी भैयाजींनी घड्याळ खिशात टाकले आणि मागे वळून इसरूला म्हणाले, "थांब ना बे. अजून त्यानं हो म्हटलं नाई."